माळरानावर सायकल: पुण्याहून पहिल्या दोन दिवसांच्या एमटीबी (माउंटन बाइक) सहलीसाठी

आमच्या मित्रमंडळात सायकलवरून वाळवंटात जायची चर्चा दोन वर्षं चालली होती. जैसलमेरची तिकिटं, रजा, सायकली पाठवायचा खर्च, यात ती दरवेळी अडकायची. शेवटी एका शनिवारी पहाटे सायकली टेम्पोत घातल्या आणि दिवे घाट चढून जेजुरीच्या पुढं माळावर गेलो. सावली नाही, पाणी नाही, चाकाखाली मुरूम नाहीतर ओढ्यातली वाळू, आणि जिकडं बघावं तिकडं पिवळं गवत. वाळवंटात नवख्या माणसाची जी परीक्षा होते ती इथंही होते. फरक इतकाच की इथं पाच-सात किलोमीटरवर गाव सापडतं आणि संध्याकाळी पिठलं-भाकरी मिळते.

हे माळ असे कोरडे का, तर सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या सुपे-बारामती भागात जेमतेम पाचशे. हा पर्जन्यछायेचा पट्टा. झाडं बाभूळ, हिवर आणि बोरीची, तीही दूर दूर.

त्यानंतर दर हिवाळ्यात जातोय. दरवेळी कोणीतरी नवीन असतं आणि विचारतं, ‘मला दम पुरेल का?’ दम पुरतो. पुरत नाही ते पाणी, ट्यूब आणि दिवसाचा उजेड. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या तीन गोष्टींबद्दलच आहे.

१. आधी तारीख बघा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे शनिवार-रविवार. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, गवत हिरवं दिसतं म्हणून लोक निघतात आणि अकरा वाजताच गळून जातात. मार्चनंतर नवख्यांना घेऊन जाऊच नका.

अवकाळी पाऊस झाला असेल तर तीन-चार दिवस जाऊ द्या. मुरमाची वाट लवकर वाळते, पण सखल भागात काळी माती आहे. ती ओली असली की चाकाला गोळा होते, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये) आणि ब्रेकपाशी घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर.

पंचांगही उघडून बघा, हे मी अगदी मनापासून सांगतो. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी जेजुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही. सोमवती अमावास्या आणि मार्गशीर्षातली चंपाषष्ठी म्हणजे तर यात्राच, आणि चंपाषष्ठी नेमकी आपल्या हंगामात येते. मोरगावला चतुर्थीला गर्दी असते, माघी गणेश जयंतीला फार मोठी. या दिवशी राहायला खोली मिळणार नाही.

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. माळावर झाडी नसल्यामुळे उजेड अजून बराच आहे असं वाटत राहतं आणि मग वीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. पाचपर्यंत डांबरी रस्त्याला लागायचं, हे आदल्या दिवशीच सगळ्यांशी बोलून पक्कं करा.

२. बरोबर कोण

चार ते सहा जण बरे. तिघांहून कमी असाल तर एखाद्याला दवाखान्यात न्यावं लागल्यावर मागे कोणी उरत नाही. आठ-दहा झाले की दर अर्ध्या तासाला कोणासाठी तरी थांबावं लागतं आणि ऊन वाढत जातं.

पंक्चर काढता येणारी किमान दोन माणसं हवीत. एकच असेल आणि तोच पडला, तर सगळेच अडकतात.

पुढे एक, शेवटी एक, अशी दोन अनुभवी माणसं ठरवा. शेवटचा माणूस कोणालाही मागे सोडत नाही. आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा नजरेला पडेपर्यंत. माळावर एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे हा नियम मोडायचा नाही.

जमलं तर सायकल न चालवणारा एखादा भाऊ, मामा, मित्र गाडी घेऊन बरोबर यायला तयार करा. तो गावात थांबतो, पाणी भरून ठेवतो, कोणी थकलं तर डांबरी रस्त्यावरून घेऊन जातो. आमच्या एका मैत्रिणीचे वडील तीन वर्षं असे आले. त्यांच्यामुळे चार नवीन मुली निर्धास्तपणे आल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपापल्या मैत्रिणी आणल्या.

दमा, साखर, रक्तदाब, फिट येणं, यापैकी काही असेल तर आधी सगळ्यांना सांगून ठेवा. औषध कोणत्या पिशवीत आहे हेही.

३. सायकल: विकत घेऊ नका

पहिल्या सहलीसाठी भाड्याने घ्या किंवा ओळखीत मागा. पुढे सस्पेन्शन, मागे साधी फ्रेम असलेली हार्डटेल एमटीबी पुरते. चाक साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंची, टायर २.१ इंच किंवा त्याहून रुंद, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. दुकानात रंग आणि ब्रँड बघण्याआधी पुढच्या गोष्टी बघा:

- टायरच्या कडेला आडव्या भेगा आहेत का? असतील तर सायकल परत करा.
- चाक उचलून फिरवा. एका बाजूला लडबडत असेल तर तार सैल आहे.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी ‘टक टक’ झालं तर तिथं बेअरिंग ढिलं आहे.
- ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येत असेल तर माळावर न्यायची नाही.
- सगळे गिअर खाली-वर करून बघा, विशेषतः सगळ्यात हलका. चढावर तोच लागणार आहे.
- वॉल्व्ह कोणता? मोटारसायकलसारखा जाड की बारीक, वर छोटी चकती असलेला? जाड म्हणजे श्रेडर, बारीक म्हणजे प्रेस्टा. पंप आणि जादाच्या ट्यूबा त्यानुसार घ्यायच्या आहेत.

हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो. पहिल्या वेळी एका दुकानातून आम्ही पाच सायकली घेतल्या, ‘सगळं किटमध्ये आहे’ असं सांगितलं गेलं. माळावर किट उघडलं तेव्हा ट्यूबा सव्वीस इंची होत्या आणि आमची चाकं एकोणतीसची. पंप श्रेडरचा, वॉल्व्ह प्रेस्टाचा. किट दुकानातच उघडून, ट्यूब हातात घेऊन तिच्यावरचा आकडा वाचा. आणि सायकलचे चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे परत देताना जुन्या ओरखड्यांवरून वाद होत नाही.

सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. नवखी माणसं जमिनीला पाय टेकावा म्हणून सीट खाली घेतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतात. उतार आला की तेवढ्यापुरती सीट दोन-तीन इंच खाली करायला हरकत नाही.

४. दोन रविवार टेकडीवर

सहलीआधी निदान दोनदा वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या बाजूला जाऊन या. पहाटे जा. तिथं रोज चालायला येणारी आजी-आजोबा मंडळी आहेत, टेकडी आधी त्यांची. मागून येताना हळू व्हा, आवाज द्या, वाट अरुंद असेल तर उतरून जा.

सराव कसला करायचा? पेडल आडवी आणि सारख्या उंचीवर ठेवून सीटवरून उठून उभं राहायचं, कोपर आणि गुडघे सैल सोडायचे. दगडावरून चाक गेलं तर सायकल हलते, आपण हलत नाही. हे अंगात मुरलं की निम्मं काम झालं.

मग ब्रेक. एकेक बोट ब्रेकवर, बाकीची हँडलवर. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस तोंडावर पडतो. मागचाच दाबत राहिलात तर मागचं चाक फरफटतं आणि सायकल थांबत नाही. दोन्ही थोडे थोडे, वळणाच्या आधी. वळणात ब्रेक नाही.

आणि नजर. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल. पंधरा-वीस पावलं पुढची वाट बघायची सवय लावून घ्या.

५. बरोबर काय न्यायचं

कागदपत्रं: प्रत्येकाचं आधार कार्ड (भक्तनिवास, लॉज सगळीकडे मागतात), गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, भाड्याच्या सायकलींची पावती, आरोग्य विम्याचं कार्ड असेल तर तेही. एका जाड कागदावर प्रत्येकाचं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून पिशवीत ठेवा. फोनचं चार्जिंग संपलं की नंबर कोणाला पाठ नसतात. सुट्टे पैसेही हवेत, वाडीवरच्या टपरीवर रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

हत्यारं, सगळ्यांत मिळून:

- पंप, आपल्या वॉल्व्हला बसणारा, घरी एकदा वापरून पाहिलेला
- माणशी दोन ट्यूबा
- पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर (सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत वाळते, नवीन घ्या)
- तीन टायर लिव्हर
- ॲलन-कीचं मल्टीटूल, चेन तोडायच्या टूलसह
- चेनची जोडकडी, चेनच्या मापाची
- काटे काढायचा चिमटा, बारीक टोकाचा
- चिकटपट्टी, झिप-टाय, जुना सुती कपडा

अंगावर: हेल्मेट, भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही. बोटं झाकणारे हातमोजे, चष्मा किंवा गॉगल, पॅडेड शॉर्ट्स, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पातळ शर्ट. पायात घट्ट तळव्याचे बूट, फ्लोटर नको. मोजे घोट्याच्या वरपर्यंतचे आणि शक्यतो गुळगुळीत विणीचे, कारण लोकरी मोज्यांत कुसळं घुसली की ती निघत नाहीत, चालताना आत आत जातात. मानेला पंचा. पहाटे दहा-बारा अंशांची थंडी असते आणि दुपारी तिशीतलं ऊन, म्हणून एक पातळ जर्किन, पिशवीत मावेल असं.

६. पाणी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

निघताना माणशी तीन लिटर. दीड-दोन लिटर पाठीवरच्या हायड्रेशन बॅगेत (नळीनं पाणी प्यायच्या पिशवीत) आणि एक बाटली सायकलला. ‘वाटेत गाव आहे, तिथं भरू’ असं म्हणून एक लिटरवर निघू नका. वाटेतल्या हातपंपाला फेब्रुवारीत पाणी असेलच असं नाही, आणि टँकर येणाऱ्या वाडीत सहा जणांनी बाटल्या पुढे करणं बरं दिसत नाही.

तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. माळावर वारा असतो, घाम आल्याबरोबर वाळतो, त्यामुळे घाम येतोय हेच कळत नाही. शर्टावर पांढरे मिठाचे डाग दिसले की समजायचं.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. ओआरएसचं पाकीट बरोबर ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात अख्खं घाला. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घालून कडक करणं चुकीचं, त्यानं त्रास वाढतो. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, मीठ लावलेली काकडी. जेवणात ताक मिळालं तर दोन ग्लास.

आमचा नियम असा: कोणाचंही अर्धं पाणी संपलं की सगळ्यांचं तोंड गावाकडे. ठरवलेल्या ठिकाणाला दोन किलोमीटर उरले असले तरी. पहिल्या सहलीत आम्ही हे केलं नाही. साडेबारा वाजता एका हिवराच्या झाडाखाली सहा जणांत मिळून दीड लिटर उरलं होतं आणि आमच्यातला सगळ्यात धडधाकट मुलगा थंडी वाजतेय म्हणत होता. भर उन्हात थंडी वाजणं, डोकं गरगरणं, मळमळ, बोलण्यात असंबद्धपणा, ही सगळी ऊन लागल्याची चिन्हं. अशा माणसाला सावलीत आडवं करा, बूट आणि हेल्मेट काढा, पंचा ओला करून मान, काखा, जांघा पुसत राहा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या. बोलणं भरकटत असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन. आमचा मित्र तासाभरानं सावरला, पण तो तास मी विसरलेलो नाही.

७. माळापर्यंत पोचणं

पुण्यातून सायकल चालवत जाऊ नका. हडपसरपासून दिवे घाटाच्या माथ्यापर्यंत ट्रक, बस, डंपर आणि धूळ. नवख्याची सगळी ताकद तिथंच संपते आणि जोखीमही तिथंच सगळ्यात जास्त. सहा सायकलींना एक छोटा हत्ती पुरतो. टेम्पोत जाड सतरंज्या घाला, सायकली एकाआड एक उलट तोंडानं उभ्या करा आणि गिअरची बाजू दुसऱ्या सायकलीवर दाबली जाणार नाही हे पाहा. मागच्या चाकाशी गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर वाकला, तर सगळे गिअर बिघडतात आणि हँगर दर सायकलीचा वेगळा असतो.

रेल्वेनं यायचा विचार असेल तर एक गल्लत टाळा: ‘सासवड रोड’ नावाचं स्टेशन सासवडला नाही, ते हडपसर-फुरसुंगीच्या बाजूला आहे. मिरज लाइनवर जेजुरी स्टेशन मात्र खरोखर जेजुरीत आहे.

पुण्याहून जेजुरी पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. पहाटे पाचला निघालात तर सातच्या आधी चहा जेजुरीत.

८. पहिला दिवस: जेजुरी ते मोरगाव

डांबरी रस्त्यानं हे अंतर सतरा किलोमीटर आहे. माळावरच्या गाडीवाटांनी जाल तर पंचवीसच्या आसपास होतं, आणि नवख्यांना तेवढं भरपूर. तीस-चाळीसचे बेत आखू नका. कच्च्या वाटेवर ताशी आठ-दहा किलोमीटर हा चांगला वेग आहे.

हवा आधी थोडी कमी करा. दुकानवाले टायर कडक भरून देतात. माळावर ३० ते ३५ पीएसआय बरं, चाळीसच्या वर नको. अंगठ्यानं दाबलं तर टायर किंचित दबला पाहिजे. वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला राहा, नाहीतर दगडावर आपटून रिममध्ये ट्यूब चिमटते.

सात ते अकरा चालवा. अकरा वाजता जिथं सावली असेल तिथं थांबा, मग ती वाडीतल्या देवळाची असो की शाळेच्या ओसरीची. तीनपर्यंत बाहेर पडू नका. या वेळात जेवण, झोप, चेन पुसणं. तीन ते पाच उरलेलं अंतर.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. मधल्या खोलगट भागात रेंज जाते आणि ‘लाइव्ह लोकेशन’ तिथंच गोठून राहतं. वाट विचारताना ‘किती लांब?’ असं विचारलं की ‘हितंच की’ असं उत्तर येतं, आणि रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाला चार किलोमीटर खरंच ‘हितंच’ असतं. त्यापेक्षा ‘मामा, चालत किती वेळ लागंल?’ असं विचारा. अर्धा तास म्हणाले तर अडीच-तीन किलोमीटर धरा.

९. काटे

माळावर तीन प्रकारचे काटे तुम्हाला भेटणार. बाभळीचे, वेड्या बाभळीचे आणि सराट्याचे.

बाभळीच्या काट्या शेताच्या कुंपणाला लावलेल्या असतात, त्या वाऱ्यानं वाटेवर येतात. दिसतात तरी. सराटा दिसत नाही. जमिनीलगत पसरणारी बारीक पिवळ्या फुलांची वेल, तिचंच फळ म्हणजे औषधातलं गोखरू. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला टोकदार काटे, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादं टोक वर राहतं. वाटेच्या कडेला आणि मेंढरं बसतात त्या जागी तो हमखास असतो. म्हणून फोटोसाठी, पाणी प्यायला थांबताना सायकल वाटेच्या कडेला ढकलू नका. मधेच उभी करा किंवा उचलून खडकावर ठेवा. आमची निम्मी पंक्चरं थांबलेल्या सायकलींची आहेत.

पहिल्या सहलीत माझं मागचं चाक बसलं. एका मित्राकडं स्वतःची सायकल होती, त्याच्या बॅगेत योग्य मापाच्या दोन ट्यूबा होत्या. घाईनं एक घातली, दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. दुसरी हातात घेतली तेव्हा मेंढरं घेऊन चाललेले एक मामा काठी टेकून बघत उभे होते. म्हणाले, ‘काटा आतच हाय की, पोरा.’ खाली बसले, टायर मांडीवर घेतला आणि धोतराचा सोगा आतून हळूहळू फिरवायला लागले. जिथं कापड अडकेल तिथं थांबायचं, बाहेरून अंगठ्यानं दाबायचं आणि करगोट्याला लटकवलेल्या चिमट्यानं काटा ओढून काढायचा. एका टायरमधून अकरा सराटे निघाले. ते त्यांनी एका चपट्या दगडावर गोळा केले आणि उठताना दगडासकट उचलून काट्यांच्या कुंपणात टाकले. वाटेत राहिले तर मेंढरांच्या खुरात जातात, म्हणाले.

तेव्हापासून आमची पद्धत तीच आहे:

1. मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणा, मग चाक सोडवा.
2. वॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते लक्षात ठेवा.
3. ट्यूब काढून थोडी हवा भरा, ओठांजवळ धरून फिरवा, भोक सापडतं.
4. ट्यूब टायरवर पूर्वीसारखी धरा, म्हणजे काटा कुठं असेल ते कळतं.
5. तरीही अख्खा टायर आतून सुती कापडानं दोनदा पुसा. उघडं बोट घालू नका.
6. नव्या ट्यूबमध्ये फुंकर इतकी हवा भरून मगच घाला. रिकामी ट्यूब पिळवटते आणि लिव्हरखाली चिमटते.
7. टायरची शेवटची वीतभर कडा हातानंच बसवा.

स्वतःची सायकल असेल आणि दरवर्षी जायचं ठरलं असेल तर ट्यूबलेस करून घ्या. आतलं सीलंट (चिकट द्रव) सराट्याची भोकं जागच्या जागी बुजवतं.

१०. वाळू आणि ओढे

कऱ्हा नदीला मिळणाऱ्या ओढ्यांची पात्रं हिवाळ्याअखेर कोरडी पडतात आणि तिथं खरी वाळू लागते. पात्रात शिरण्याआधीच गिअर हलका करा, आत गेल्यावर बदलायला जाल तर चेन करकरते आणि सायकल थांबते. अंग थोडं मागे, हँडल सैल धरलेलं, पेडल एका लयीत. पुढचं चाक इकडे-तिकडे सरकेल, त्याला सरकू द्या. हँडल वळवून सरळ करायला गेलात की पडलात. नाही जमलं तर उतरून ढकला, पन्नास पावलांचाच प्रश्न असतो.

११. माळ कोणाचा आहे

पडीक दिसणारा माळ पडीक नसतो. काही गायरान असतं, काही वन विभागाचं, काही शेतकऱ्याचं, आणि हिवाळ्यात मधेच रब्बीची ज्वारी किंवा हरभरा उभा असतो. धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात. म्हणून रुळलेली गाडीवाट सोडायची नाही, कितीही मोह झाला तरी. वाळल्या गवतात स्टोव्ह, शेकोटी, सिगारेट काहीही नको. एका ठिणगीनं मेंढरांचा वर्षाचा चारा जातो.

मेंढरांचा कळप समोर आला तर थांबा, उतरा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मधे धरून सावकाश चाला. वेगानं जाणाऱ्या चाकामागं कुत्री धावतात, चालणाऱ्या माणसामागं सहसा नाही. ‘राम राम मामा’ म्हटलं की मालक कुत्र्याला आवाज देतात. शेळ्या-मेंढ्यांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

चिंकारा दिसला तर जागेवर थांबा, तो आधी तुम्हाला बघून घेतो आणि मग जातो. पाठलाग करायचा नाही. खोकड आणि लांडगेही या भागात आहेत. नशिबानं पहाटे लांबून लांडगा दिसला तर ते ठिकाण ऑनलाइन कुठंही टाकू नका.

१२. मुक्काम आणि दुसरा दिवस

मोरगावात भक्तनिवास आणि साध्या खोल्या मिळतात, फोन करून आधी सांगून ठेवा आणि सायकली रात्री आत ठेवायला जागा आहे का ते विचारा. मयूरेश्वराचं दर्शन संध्याकाळीच उरकून घ्या. रात्री पायांना तेल, दिव्याच्या उजेडात टायर तपासणी आणि नऊला झोप.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सुप्याच्या दिशेनं निघा. दहा-बारा किलोमीटरचा पट्टा आहे, दोन्ही बाजूंना माळ. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हेच. गावाजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं, मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. त्याच्या हद्दीत सायकल घालायची नाही. आत जायचं असेल तर सायकली बाहेर ठेवून, गेटवर नोंद करून, वनरक्षक सांगतील तसं. दहापर्यंत सुप्यात पोचून टेम्पो तिथंच बोलावून घ्या. चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागलात की जेवायच्या वेळेला पुणे.

१३. काही झालंच तर

१०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस आणि बाकी सगळी मदत. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६.

पडल्यावर लगेच उठवू नका. मान, खांदा, मनगट दुखतंय का विचारा. डोक्याला मार असेल, उलटी झाली किंवा ‘आपण कुठं आलोय?’ असं विचारायला लागला, तर सहल तिथंच थांबवा. खरचटलं असेल तर आधी स्वच्छ पाण्यानं माती धुवा, मग औषध. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते निघण्याआधी आठवून ठेवा.

या भागात फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही विषारी साप आहेत. दगडाखाली हात घालू नका, लघवीला जाताना गवतात पाय आपटत जा. चावलाच तर पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका, अंगठ्या-कडी काढा आणि थेट सरकारी दवाखाना. प्रतिविष तिथं मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

१४. घरी आल्यावर

सायकल पाइपनं जोरात धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. धूळ ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा, चेन कोरडी करून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर टाका आणि जादाचं पुसून घ्या.

बूट-मोजे बाहेरच झटका. कुसळं वॉशिंग मशीनमधून निघत नाहीत, उलट घरातल्या बाकीच्या कपड्यांत जातात, ती एकेक करून ओढावी लागतात.

आणि टायर पुन्हा एकदा बघा. रबरात अर्धवट रुतलेले सराटे त्या दिवशी हवा सोडत नाहीत. दोन-तीन दिवसांनी, ऑफिसला निघताना, चाक बसलेलं सापडतं. मी रविवारी रात्री बाल्कनीत दिवा लावून चाक मांडीवर घेतो आणि चिमट्यानं ते काढतो. गेल्या जानेवारीत दोन्ही टायरांत मिळून सात निघाले.